बसून राहिलेली

खिडकी उघडली तर समुद्र जागेवर नव्हता.

रात्रभर त्याचा आवाज ऐकत प्रतिक्षा जागीच होती, तान्ह्याला पोटाशी आणि कोमलला पाठीशी घेऊन. हिंगोलीहून निघून, दोन गाड्या बदलून या बंदराच्या गावी पोचेस्तोवर अंधार पडला होता, त्यामुळं समुद्र बघितला असा नव्हताच. नुसता ऐकला होता. भिंतीपलीकडं एखादं मोठं जनावर दावणीला अंग घासत उभं असावं तसा. दर वेळी तो अंग मागं घ्यायचा आणि ती वाट बघायची, की आता दावं तुटणार. पहाटे कधीतरी आवाज कमी कमी होत गेला. तिला वाटलं, आपलाच डोळा लागून राहिलाय. आणि आता खिडकीबाहेर, जिथं तो असायला हवा होता तिथं, लांबच्या लांब चिखल पसरला होता, राखेच्या रंगाचा, ओला, चकाकणारा. त्यात होड्या कुशीवर कलंडून पडल्या होत्या, बाजार उठल्यावर थकलेली गुरं पडतात तशा. पाण्याची एक रेघ होती, पण ती पार आभाळाच्या कडेला. आणि रात्री ज्याच्यावर एकच लाल दिवा लुकलुकत होता तो काळ्या दगडाचा कोट, पाण्यातला म्हणून ज्याचं नाव, तो आता चिखलात उघडा उभा होता. चालत जावं इतका जवळ.

“घे,” मागून विश्वंभर म्हणाला. तोंडात ब्रश होता. “ज्याला भेत होतीस ते आटलं.”

ती हसली. घर सोडल्यापासून पहिल्यांदा हसली. मानेमागं कुणीतरी आवळून धरलेली मूठ सुटावी तसं झालं. आणि पुढं कितीतरी दिवस ती या हसण्याकडंच परत परत येत राहिली. त्या दिवशीच्या पाण्यापेक्षा तिला या हसण्याचीच भीती जास्त वाटायची.

कारण तो चिखल तिच्या ओळखीचा होता. तिच्या आईचं, पार्वतीबाईचं माहेर धरणात गेलेलं. प्रतिक्षानं ते गाव गाव म्हणून कधी पाहिलंच नाही. पण मे महिन्यात धरणाचं पाणी खाली उतरलं की गावातल्या महादेवाच्या देवळाचं शिखर आधी वर यायचं, मग सभामंडप, मग पायऱ्या; आणि आई दोन्ही पोरींना घेऊन आखाडा बाळापूरहून जीपनं जायची, नारळ घेऊन. भेगाळलेल्या गाळावरून चालत जायचं. आई मधेच थांबायची, चपलेनं गाळ सारायची, म्हणायची, “हितं आपली चूल व्हती बघ.” तिथं काहीच नसायचं. शिंपले असायचे. तरी प्रतिक्षा वाकून हात लावायची. पाणी दूर निळं पडलेलं असायचं, निजलेलं. त्याला परत यायला आषाढ उजाडावा लागायचा. आटलेलं पाणी म्हणजे महिन्यांचा निर्धास्तपणा, हे तिच्या पायांनाच ठाऊक होतं. भरती-ओहोटी तिनं दहावीला पाठ केली होती, चंद्र, पृथ्वी, आकृती काढून बाण दाखवून. मार्कही पडले होते. पण ते पुस्तकातलं पाणी होतं. पुस्तकातलं पाणी आणि खिडकीबाहेरचा हा राखाडी चिखल यांची गाठ तिच्या डोक्यात पडलीच नाही. पायांनी चिखल ओळखला आणि डोकं गप्प बसलं.

पाण्याची भीती मात्र आईकडूनच आलेली. गाव कसं बुडालं ते आई सांगायची तेव्हा आवाज खाली आणायची, जणू पाणी ऐकत असावं. “लोकायला वाटायचं, पाणी वरून यील, दणदणत यील. तसं न्हाई आलं माय. खालून आलं. गुपचूप. सकाळी उठले तर मागच्या परसात मांजरावानी येऊन बसलं व्हतं. दुपारी भाकरी थापून राहिले तर उंबऱ्यापाशी.” नऊ-दहा वर्षांची प्रतिक्षा त्यानंतर कितीतरी रात्री उठून उंबरा चाचपायची. कोरडा लागला तरी बोटं नाकाशी नेऊन बघायची.

विश्वंभरचं पाणी वेगळं. त्याचं गाव डोंगरकडा, धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. केळीचं रान नदीच्या पलीकडल्या तीरावर. त्याचं पाणी वरून यायचं आणि सांगून यायचं. धरणाचे दरवाजे उघडायचे झाले की आधी भोंगा व्हायचा. भोंगा झाला की पात्रात जो कुणी असेल, धुणं धुणारी, टरबुजाचे वेल बघणारा, गुरं पाजणारा, त्यानं हातातलं तिथंच टाकायचं आणि गावाच्या काठाकडं पळायचं. पलीकडल्या रानात असेल त्यानंही पळायचं, पात्र ओलांडून, पाणी यायच्या आत. कारण पलीकडं अडकला की दोन दिवस भाकर नाही. लेकराला कडेवर घ्यायचं, चपला हातात घ्यायच्या आणि मागं बघायचं नाही. तो पाच वर्षांचा असल्यापासून पळत आलेला. भोंगा ऐकला की झोपेतही त्याच्या पोटऱ्या ताठ व्हायच्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं ते हात लावून बघितलं होतं आणि खुदकन हसली होती.

आता ते हिंगोलीत राहत. हळदीच्या बाजारात वजनकाटे दुरुस्त करायचं त्याचं काम. हंगाम संपला, हातात थोडी सवड आली, आणि त्याच्या डोक्यात बंदर शिरलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिरलं. जुनं बंदर, इथून गलबतं अरबस्तानात जायची, तोफा, कोट. “पोरीला समुद्र दाखवून आणू. आपल्या अख्ख्या भावकीत कुणी बघितला न्हाई.” सासूबाईंनी, गोजरबाईंनी, तोंड वाकडं केलं. “तान्हं लेकरू घेऊन? काहून? पाणीच बघायचं तर नळ सुटल्यावर बघ म्हणावं. इतकं पाणी येतं म्हणून रांग लागती.” प्रतिक्षाला सासूबाईंचं पटलं होतं, पण ते बोलायची सोय नव्हती, आणि कोमल तर आठवडाभर ताटातल्या वरणात बोटानं जहाज चालवत होती.

चहा पिऊन ते बंदरावर उतरले. बंदर आता नावालाच. कौलं गेलेली दगडी गोदामं, त्यांच्यात उगवलेले पिंपळ, माणसाहून उंच एक गंजका नांगर, आणि एक निळा फलक, त्यावरची अर्धी अक्षरं खारट वाऱ्यानं खाल्लेली. विश्वंभरनं फलक मोठ्यांदा वाचला, शाळेत धडा वाचतात तसा. कोमलनं विचारलं, “पप्पा, मग जहाजं कुठं गेली?” तो म्हणाला, “अरबस्तानात.” “परत काहून आली न्हाईत?” “तिथं पाणी जास्त आहे. हितं बघ, आटलंय.” नांगराच्या सावलीत सुकट विकत बसलेली एक म्हातारी हे ऐकून फिसकन हसली. प्रतिक्षानं तिच्याकडं बघितलं. म्हातारीनं नाकात मोठी नथनी घातलेली, काष्टा घट्ट मारलेला, पुढ्यात जवळ्याचा ढीग. आपल्याला कशाला हसली ते प्रतिक्षाला कळलं नाही. गावंढळ म्हणून हसली असेल, असं वाटून तिनं ओढणी सारखी केली. विचारायला हवं होतं. पण परक्या गावात आपलं बोलणं ऐकून आणखी हसतील, या एवढ्याशा लाजेनं तिनं विचारलं नाही.

चार-दोन माणसं चिखलातून चालत कोटाकडून येत होती, डोक्यावर पाट्या घेऊन, शिंपल्या वेचून. म्हणजे वाट होती. विश्वंभरनं पँट दुमडली, मोबाइल आणि पाकीट तिच्या पिशवीत टाकलं. “चिखलात पडलो तर भिजंल.” कोमलला खांद्यावर घेतलं. “तू हितंच बस. बाळाला पाज. आमी कोट बघून आलोच. तू दिसलीस म्हंजे झालं.”

“लांब जाऊ नका,” ती म्हणाली.

“लांब काय त्यात? आपल्या पात्राएवढं तर आहे. आणि आभाळ बघ. एक ढग न्हाई.”

आभाळात खरंच ढग नव्हता. तीही वर बघून खात्री करून घेत होती. पाणी यायचं तर वरून येणार, ढग येईल, गार वारा सुटेल. दोघंही त्या निळ्या आभाळाकडं बघून निश्चिंत झाले आणि म्हातारी पुन्हा त्यांच्याकडं बघत राहिली, पण तेवढ्यात तिच्याकडं गिऱ्हाईक आलं.

प्रतिक्षा धक्क्याच्या पायरीवर बसली. तान्ह्याला ओढणीखाली घेतलं. हळदी रंगाची ओढणी, माहेरची. ती दोघं चिखलातून जात होती, आधी नवरा आणि मुलगी, मग खांद्यावर ओझं घेतलेला एक माणूस, मग एक उंच काडी. मधूनमधून काडी वळून बघायची आणि पुन्हा पुढं व्हायची. प्रतिक्षा बसलेली आहे हे बघायची. यात काही ठरवून केलेलं नव्हतं, ती रानातली सवय. लग्न होऊन ती डोंगरकड्याला आली तेव्हा गोजरबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिच्या डोक्यावर भाकरीचं गठुडं देऊन तिला नदीवर नेलं होतं. पलीकडच्या केळीत विश्वंभर, मधे पात्र, वर इंजनाचा फटफटाट. हाक पोचायची नाही. “हाका मारून घसा फोडू नको,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “बाई बांधावर उभी ऱ्हायली, पदर हलवला, की गडी समजतो, घाईनं बलावलं. हातातलं टाकून येतो. बसली, की समजतो, सावकाश हू दे, तुझं चालू दे. इतकंच ध्येनात ठिव. उगं उभी ऱ्हाऊ नको.” प्रतिक्षाला त्यात गंमत वाटायची, सुरुवातीला एक-दोनदा ती उगाचच उभी राहून पदर हलवायची आणि तो केळीतून धावत, पाणी उडवत, धापा टाकत यायचा, आणि काही नाही असं कळल्यावर खोटंखोटं रागवायचा. तेव्हा पात्रात घोटाभर पाणी असायचं आणि ती विशीची होती.

तान्हा ओढत होता. दूध उतरताना अंगातून जी गुंगी चढते ती चढत होती. ऊन कोवळं नव्हतं, पण वारा होता. काडी कोटाच्या पायऱ्यांपाशी पोचली, दोन झाली, वर चढली, दगडाआड गेली. प्रतिक्षाचे डोळे मिटले असतील, नसतील. ती चुलीपाशी होती, आई भाकरी थापत होती, आणि पाटाखालून काहीतरी ओलं सरकत येत होतं.

तिनं डोळे उघडले ते आवाजानं नाही, वासानं. ओल्या उंबऱ्याचा वास. धक्क्याखालच्या चिखलात गुरांच्या खुरांएवढे खड्डे होते, मघाशी कोरडे होते. आता प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा होता. एका खड्ड्यातून दुसऱ्यात, पाण्याची एक बारीक जीभ चाललेली. फेस नाही, लाट नाही. ती जीभ थांबली, जरा मागं गेली आणि मग इकडं न येता तिकडं वळली, मागच्या अंगानं. प्रतिक्षा तिच्याकडं बघत राहिली. तिला हसू येईल असं वाटलं आणि आलं नाही. तिनं मान वर केली. कलंडलेल्या होड्यांपैकी सगळ्यांत लांबची होडी आता कलंडलेली नव्हती. आणि कोट आणि धक्का यांच्यामधे, जिथून ती दोघं चालत गेली होती तिथं, चिखल नव्हता. चिखलासारखंच राखाडी, पण हलणारं काहीतरी होतं. खालून आलं. गुपचूप. मांजरावानी.

तिनं पिशवीतून स्वतःचा फोन काढला, त्याला लावला. फोन वाजला. तिच्याच पिशवीत वाजला. त्याची ती नेहमीची धून, बाजारात गर्दीत ऐकू यावी म्हणून मोठी करून ठेवलेली. तिला तो फोन पटकन बंदही करता येईना. तो वाजत राहिला, आणि कुणीतरी बुडताना खिशात फोन वाजत असावा असं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं मान झटकली. नाही, तो कोटावर आहे. कोट उंच आहे. पाणी आलं तर आलं, कोटावर ते चढत नाही, चारशे वर्षं चढलं नाही. त्यानं तिथंच थांबावं, बस. तेवढंच. तो वेडा नाही, पाणी दिसल्यावर उतरणार नाही. ती स्वतःशीच बोलत होती, तान्ह्याच्या पाठीवर थोपटत, इतक्या जोरात की तो कुरकुरला.

आणि भोंगा झाला.

बाजारपेठेमागं कुठंतरी बर्फाचा कारखाना होता, त्याचा दुपारचा भोंगा. रोज होणारा. म्हातारीनं मानसुद्धा वर केली नाही, उलट डबा काढायला पिशवीत हात घातला. पण प्रतिक्षा उभी राहिली होती. आपण उभ्या राहिलो हे तिला उभं राहिल्यावर कळलं. सासरी काढलेल्या तीन वर्षांनी तिचे पायसुद्धा त्याच्या पायांसारखे झाले होते. आणि मग तिला जे कळलं ते इतकं स्पष्ट कळलं की उन्हात उभी असून ती गारठली. तो पळणार. त्याला काही विचार करायचा नाही, त्याचे पाय विचार करणार नाहीत. भोंगा झाला, लेकरू उचलायचं, काठाकडं पळायचं, मागं बघायचं नाही. पाणी वरून यायच्या आत. त्याच्या अंगाला एकच पाणी ठाऊक आहे, आणि ते आता वरून येणार म्हणून तो खालून आलेल्यात उतरणार.

कोटाच्या दगडाआडून काडी बाहेर आली. पायऱ्या उतरत होती. खांद्यावर ओझं होतं.

“अहो!” ती ओरडली. वाऱ्यानं ते तिच्याच तोंडात परत घातलं. तिनं ओढणी काढली आणि हलवली. जा, मागं जा. दोन्ही हातांनी ढकलून दाखवलं. पुन्हा ओढणी हलवली. काडी पाण्याशी येऊन क्षणभर थबकली होती, प्रतिक्षानं बघितलं होतं; आणि ओढणी बघून काडी पळायलाच लागली. पाणी उडताना दिसत होतं, दोन्ही बाजूंना, पांढरं. केळीतून यायचा तसा. ती जितकी जोरानं हलवत होती तितका तो जोरानं पळत होता.

“काय गो बाय, नाचतेस कशाक?” म्हातारी उठून आली होती. तिनं कपाळावर हात धरून बघितलं आणि तिचा आवाज बदलला. “अगो बाय माझे! तुजो घोव काय तो? भरतीत उतरता? मधे खोल चर आसा, होडयेची वाट! कोटातच थांबूक सांग त्याका, पाणी भरला की माझो झील होडी घेऊन जायत. सांग गो!”

“कसं सांगू?” प्रतिक्षा म्हणाली. “कसं सांगू, मावशी?” ती धक्क्याच्या कडेला पोचली होती. तान्ह्याला म्हातारीच्या हातात द्यायचं आणि उतरायचं. पण ती पाण्याकडं पळताना दिसली तर तो आणखी पळेल. उभी राहिली तरी पळेल. हात केला तरी पळेल. त्याच्या गुडघ्यावर पाणी होतं, आता मांड्यांवर. कोमलचा फ्रॉक लाल होता. तो लाल ठिपका हलत होता, पप्पा घोडा झालाय असं वाटून हसतही असेल ती. उगं उभी ऱ्हाऊ नको. सासूबाईंचा तो नदीवरचा आवाज, निवांत, तंबाखू मळताना बोलल्यासारखा. उगं उभी ऱ्हाऊ नको.

प्रतिक्षा बसली.

हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. तिच्या अंगातलं एकूण एक हाड उठत होतं आणि ती बसली. म्हातारीला वाटलं बाई कोसळली, ती धरायला वाकली. प्रतिक्षानं तिचा काष्टा ओढला. “मावशी, तुमीबी बसा. पाया पडते, बसा.” मग तिला कळलं, तोंड समुद्राकडं ठेवून बसणं जमणार नाही, दर श्वासाला ती उठेल, अर्धी तरी उठेल आणि तेवढंच त्याला दिसेल. तिनं पाठ फिरवली. मांडी घातली. पिवळी ओढणी डोक्यावरून घेतली, बांधावर ऊन लागलं की घ्यायची तशी, आणि तान्ह्याला पुन्हा तिच्याखाली घेतलं. त्याचं पोट भरलेलं होतं, तो तोंड फिरवत होता. “पी,” ती त्याला म्हणाली. “पी माझ्या राजा. आपल्याला काही घाई न्हाई. पप्पाचं होऊ दे सावकाश.” आवाज शहाण्या बाईचा निघत होता. तिला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

समोर नांगर होता. त्याच्या गंजाचे पापुद्रे सुटलेले. एका पापुद्र्यावर मुंग्या चढत होत्या. तिनं मुंग्या बघायच्या ठरवल्या. पाठीमागं काय चाललंय ते पाठीला कळत होतं. पाठीला डोळे नसतात, पण कातडी असते, आणि तिची कातडी नवऱ्याच्या छातीपर्यंत भिजत चालली होती. चर. होड्यांची वाट. ती किती आत आहे, तो तिच्या अलीकडं आहे की पलीकडं? कोमलला पोहता येत नाही. कोमलला तर शॅम्पू डोळ्यात गेला तरी घर डोक्यावर घेते. काल गाडीत तिनं विचारलं होतं, मम्मी, समुद्राला झाकण असतं का? आणि प्रतिक्षा झोपेत म्हणाली होती, असतं. असं सहज सांगितलेलं खोटं लेकरं खरं मानतात. आईनंही तिला सांगितलं होतं, पाणी उंबरा ओलांडत नाही, उंबऱ्याला हळदकुंकू असतं ना. त्यानं ओलांडलं होतं. त्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून आई दर वर्षी का रडायची, कुणासाठी, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता वाटलं, आईही अशीच बसली असेल. पाण्याकडं पाठ करून, पोरींना काही कळू नये म्हणून, निवांत बसल्यासारखी. बायका बसलेल्या दिसल्या की लोकांना वाटतं, बरं चाललंय.

“मावशी,” ती म्हणाली. मान वळवली नाही. “सांगा.”

 म्हातारीच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, आणि मग वाजायच्या थांबल्या.

“सांगा ना वो.”

“उभो रवलो,” म्हातारी म्हणाली. “कमरेभर पाण्यात. हंयच बघता.”

प्रतिक्षानं तान्ह्याच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली. हळू, जसं काही दिवसभर हेच करायचं आहे.   बस, बघ. मी बसलेय. भोंगा आपला न्हाई. तुझं चालू दे.

“अजून बघता,” म्हातारी म्हणाली. आणि मग, “वळलो. वळलो गो बाय! मागे फिरलो.” आणि पुष्कळ वेळानं, “पायरीक लागलो. पोर वर चढली. तांबडा फराक. आता रडलंस तरी चालात.”

पण ती रडली नाही आणि उठलीही नाही. म्हातारीनं पाणी आणून दिलं, डब्यातला भात पुढं केला, स्वतःशीच पुटपुटली, “घाटावरची माणसा! पाण्यात पळतत काय, पाठ करून बसतत काय!” प्रतिक्षा नुसती मान हलवत होती. आता कुठं तिला मागं वळून बघायची मुभा होती, आणि वळायची हिंमत नव्हती. पाणी धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून घेत तिच्या पाठीशी आलं, तिच्या चपला भिजल्या, तेव्हा ती दोन पायऱ्या वर सरकली. बसल्या बसल्याच.

मग होड्या उभ्या राहिल्या, म्हातारीचा मुलगा जेवून आला, त्यानं एक होडी ढकलली आणि ज्या पाण्यानं तोडलं होतं त्याच पाण्यावरून तो दोघांना घेऊन आला. कोमल ओरडतच उतरली, “मम्मी, आमी जहाजात बसलो! आणि पप्पा पाण्यात पळाले आणि मग पप्पा म्हणले चल परत!” विश्वंभर छातीपर्यंत भिजून वाळला होता, शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. तो तिच्याशेजारी बसला. 

“भोंगा झाला ना,” मग म्हणाला.

“व्हय.”

“तू पदर हलवून राहिलीस. म्हणलं, पाणी सुटलं. आता काही खरं न्हाई. पळालो.” त्यानं तळहात गुडघ्यावर पुसले. “मग बघतो तर तू बसलेली. पाठ करून, बाळाला घेऊन. म्हणलं, ही तर निवांत आहे. म्हंजे पाणी सुटलेलं न्हाई. मग मी काहून पळून राहिलो? तवा खाली बघितलं. तर पुढच्या पावलाला बूडच न्हाई.” तो हसायला गेला. “बरं झालं तू भ्याली न्हाईस.”

प्रतिक्षानं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या भुवईत मिठाचा एक कण चमकत होता. तिनं तो बोटानं टिपला. “मला उठवा,” ती म्हणाली. “पायात जीव न्हाई.” त्याला वाटलं मुंग्या आल्यात. त्यानं दोन्ही हात धरून तिला उभं केलं.

हिंगोलीला परतल्यावर गोजरबाईंना लाटा, कोट, होडी सगळं कोमलनंच सांगितलं, पप्पा पाण्यात पळाले तेही. गोजरबाईंना ती मस्ती वाटली. प्रतिक्षाबद्दल त्या शेजारणीला म्हणाल्या, “समुंदर मानवला बाई हिला. आधी जरा काही झालं की दारात उभी. आता बघावं तवा शांत बसून राहती.” ते खरं होतं. नळ सुटायच्या आधी पाइपातून हवा गुरगुरते तेव्हा ती हातातलं काम ठेवून खाली बसायची. रात्री उठून उंबरा मात्र पुन्हा चाचपायला लागली होती. ते कुणी बघितलं नव्हतं.

जूनमध्ये कोमलची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी विश्वंभर सोडायला गेला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी गल्लीच्या तोंडापर्यंत एकटी जाणार, रिक्षा तिथंच येती. पाठीवर दप्तर, दप्तराला बाटली. गल्लीत मोटारसायकली, एक मोकाट सांड, नालीवरचं फुटकं झाकण. प्रतिक्षाच्या पोटऱ्या ताठ झाल्या. ती ओट्यावर बसली. मांडी घातली, तान्ह्याला घेतलं, ओढणी डोक्यावरून घेतली. कोमल चार पावलं गेली आणि वळून बघितलं, पुन्हा चार गेली आणि बघितलं, तिच्या बापासारखं. आई बसलेली दिसली तशी पोर हसली, हात केला आणि उड्या मारत निघाली. प्रतिक्षानं ओठ दाताखाली धरून हात हलवला, हळू, घाई नसल्यासारखा. लाल रिबिनी वळणाआड जाईपर्यंत तिला उठायची सोय नव्हती.